न आलेले निमंत्रण

राल्फ एलिसनची 'इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. ती शिकविताना पार्श्वभूमी म्हणून आम्ही कायदे, न्यायनिवाडे, स्थलांतरे यांविषयी बोलत असू. अलीकडे आम्ही विद्यार्थ्यांना त्याआधीच्या वर्षातील एका फुटबॉल संघाची हकीकत सांगतो. खेळातले आम्हांस फारसे कळत नाही. पायापेक्षा हातानेच अधिक खेळल्या जाणाऱ्या या अमेरिकन खेळास फुटबॉल का म्हणावे, हेही उमगलेले नाही. असो.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे जेझुइटांनी चालविलेले, बेताच्या ऐपतीचे विद्यापीठ. १९४४च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, आणि अमेरिकेतील वर्गांत अचानक प्रौढ, रापलेले चेहरे दिसू लागले. येथील संघातला जीनो मार्केटी हा त्यांपैकीच एक, युरोपात जर्मनांशी लढून आलेला. प्रशिक्षक जो कुहारिच कमालीचे करडे. वृत्तपत्रांना बातम्या पुरविण्याचे काम पीट रोझेल या तरुणाकडे होते. पुढे १९६० ते १९८९ हाच गृहस्थ नॅशनल फुटबॉल लीगचा आयुक्त होता.

१९५१च्या हंगामात हा संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. सॅन होजे स्टेटला एकदा ३९–२, पुन्हा ४२–७ असे हरविले. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमशी झालेला ३२–२६ हा सामना तेवढा अटीतटीचा. ऑली मॅटसन या खेळाडूने त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्डांची धाव मारली; देशात त्याच्यापुढे कोणी नव्हते. त्याचा मित्र बर्ल टोलर बचावात खेळे. हे दोघे कृष्णवर्णीय होते. मॅटसन मूळचा टेक्सासचा, टोलर टेनेसीतल्या मेंफिसचा, दोघेही दक्षिणेतले.

हंगामाअखेरच्या 'बाउल' सामन्यांना त्या काळी निमंत्रण लागे, आणि ते देणे आयोजकांच्या मर्जीवर असे. त्या सामन्याचा पैसा मिळाला तर तोट्यातला हा संघ तगणार होता. खेळाडूंनी पुढे वारंवार सांगितलेली हकीकत अशी, की दक्षिणेतल्या आयोजकांकडून सूचना आली : मॅटसन आणि टोलर यांना मागे ठेवून यायचे असेल तर या. पंक्तिभेद हा आपल्याकडचा शब्द येथे चपखल बसतो. पान मांडलेले आहे, पण दोघांनी उठायचे. संघाने नकार दिला. त्यावर मतदान घेण्याची गरजच पडली नाही, असे त्यांतील काहींनी सांगितले आहे. १ जानेवारी १९५२ रोजी मायामीत ऑरेंज बाउल झाला. जॉर्जिया टेकने बेलरला १७–१४ असे हरविले. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने तर वर्ष सरता सरताच आपला फुटबॉल संघ बंद केला होता.

ही गोष्ट आता अमेरिकेत अभिमानाने सांगितली जाते, आणि ती जशी सांगितली जाते त्याविषयी आमची तक्रार आहे. तीत गोऱ्या खेळाडूंचा त्याग मध्यभागी येतो आणि ज्यांच्यामुळे तो घडला ते दोघे कथेचे निमित्त होऊन कडेला उभे राहतात. गोऱ्या खेळाडूंचा मोठेपणा आम्हांस अमान्य नाही. परंतु आपल्यापायी सर्वांचा सामना गेला, हे ओझे विशी-बाविशीत उचलणाऱ्याचे काय होते? ज्याचा अपमान झाला त्यानेच कृतज्ञही राहावे, ही अपेक्षा आम्हांस त्या अपमानाइतकीच जाचक वाटते. एलिसनचा नायक नेमका याच ठिकाणी कोंडलेला आहे. म्हणूनच ही हकीकत वर्गात येते.

मॅटसनने १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्याची दोन पदके मिळविली. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्येही त्याचे नाव झाले. मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर यांच्यासह तो त्या खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये आहे. टोलरच्या वाट्याला हे आले नाही. १९५२च्याच उन्हाळ्यात एका प्रदर्शनीय सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ साली नॅशनल फुटबॉल लीगमधला पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी म्हणून मैदानात परतला. आम्हांस या संघातला सर्वांत वाचनीय माणूस तोच वाटतो. ज्या खेळात त्याला वगळण्याची अट घातली गेली, त्याच खेळाचे नियम तो पुढे शिट्टी वाजवून इतरांकडून पाळून घेत होता.

टोलर २००९ साली वारला. विद्यापीठाच्या एका वसतिगृहाला जेम्स फेलन यांचे नाव होते. १९२० साली सिनेटची निवडणूक लढविताना 'कॅलिफोर्निया गोराच ठेवा' अशी घोषणा देणारे हे गृहस्थ. २०१७ साली ते नाव उतरविण्यात आले आणि त्या जागी बर्ल टोलर यांचे नाव लागले.