विहिरीतला मध

महाभारताच्या स्त्रीपर्वात, पुत्रांच्या संहाराने खचलेल्या धृतराष्ट्राची समजूत घालताना विदुर एक रूपक सांगतो. घोर अरण्यात शिरलेला एक ब्राह्मण वेलींनी झाकलेल्या विहिरीत पडतो आणि देठाला लोंबणाऱ्या फणसासारखा, पाय वर नि डोके खाली, वेलीत अडकून राहतो. तळाशी महासर्प, काठाशी सहा तोंडांचा व बारा पायांचा हत्ती, काळे-पांढरे उंदीर झाड कुरतडत असलेले, आणि तरीही वरच्या पोळ्यातून ठिबकणाऱ्या मधाची त्याची तृष्णा शमत नाही. हत्ती म्हणजे सहा ऋतूंचे व बारा महिन्यांचे वर्ष, उंदीर म्हणजे रात्री आणि दिवस, वेल म्हणजे जगण्याची आशा आणि मध म्हणजे विषयसुख, असा उलगडा विदुरच पुढे करतो.

ही कथा अरबी 'कलीला व दिम्ना'त गेली, बुद्धचरित्रावरून ख्रिस्ती संतकथा झालेल्या 'बरलाम आणि योसाफत'मध्ये शिरली आणि रशियात लिओ टॉलस्टॉयच्या 'कबुलीजबाबा'त पोहोचली, तेव्हा तिच्यातला हत्ती गळून पडला होता, पण उंदीर आणि मध शाबूत होते.

टॉलस्टॉय (1828–1910) विहिरीत डोकावला तो ऐन भरभराटीत. 1869 साली, 'युद्ध आणि शांती' पूर्ण होत असताना, जमीन खरेदीसाठी निघालेल्या या जमीनदाराला अर्झामास गावातल्या मुक्कामी रात्री मृत्यूच्या भीतीने घेरले. पुढच्या दशकात ती भीती प्रश्नाचे रूप घेऊन परत येऊ लागली. समारा प्रांतात 6000 देस्यातिना, म्हणजे सुमारे साडेसहा हजार हेक्टर जमीन झाली, तीनशे घोडे झाले, बरे, पुढे काय? पुश्किन आणि शेक्सपिअर यांच्याहून मोठी कीर्ती मिळाली, तरी काय? उत्तर सापडेना, तेव्हा रात्री तो एकटाच कपडे बदलत असे त्या खोलीतून त्याने दोर दृष्टीआड केला आणि बंदूक घेऊन शिकारीला जाणे सोडले. जगण्याला मुळात काही प्रयोजनच नाही असे मानणाऱ्या भूमिकेला निरर्थवाद म्हणतात. पुस्तकांत तो सिद्धान्त म्हणून भेटतो, इथे तो घरातल्या दोरापर्यंत आला होता.

'कबुलीजबाबा'त टॉलस्टॉय आपल्या वर्गातील माणसांपुढचे चार मार्ग नोंदवतो: विहीर न दिसणारे अज्ञान, विहीर दिसत असूनही मध चाटत राहणारा भोगवाद, जीवनाचा अंत करणारी आत्महत्या, आणि सारे कळूनही लोंबकळत राहणारा दुबळेपणा. स्वतःला तो चौथ्या गटात बसवतो. वरवर पाहता भोगवाद आणि निरर्थवाद एकमेकांचे विरोधक वाटतात, परंतु या मांडणीत दोघांचाही हिशेब एकच आहे, जीवनाची किंमत जिभेवरच्या गोडीने ठरवायची. फरक एवढाच की एकाला गोडी अजून लागते आहे आणि दुसऱ्याची ती गेली आहे.

मात्र टॉलस्टॉयचे मधाचे दोन थेंब कोणते, हे पाहिले म्हणजे रूपकाची मर्यादा उघड होते. ते मद्य किंवा जुगार नव्हेत (तारुण्यात त्याने तेही पुरेसे केले होते). ते आहेत कुटुंबाविषयीचे प्रेम आणि लेखनकला. विदुराने विषयसुखासाठी योजलेल्या मधात टॉलस्टॉयने पत्नी, मुले आणि स्वतःच्या कादंबऱ्या यांनाही बुडवले, आणि मग मध गोड लागत नाही अशी तक्रार केली. 'युद्ध आणि शांती'चे गिचमिड खर्डे पुन्हा पुन्हा स्वच्छ उतरवून काढणाऱ्या आणि तेरा मुलांना जन्म देणाऱ्या पत्नी सोफियाला आपण एक थेंब आहोत हे वाचून काय वाटले असेल, हा प्रश्न 'कबुलीजबाबा'च्या भाष्यकारांनी जितका विचारायला हवा होता तितका विचारलेला दिसत नाही.

त्याला वाट दिसली ती तत्त्वज्ञांकडे नव्हे, शेतकऱ्यांकडे. कष्ट, आजार आणि मृत्यू यांना तक्रारीवाचून सामोरी जाणारी ही माणसेही त्याच विहिरीत होती, पण नांगरणी आणि पेरणी करताना मध किती ठिबकला याचा हिशेब ती मांडत नव्हती. त्यांच्या श्रद्धेत मर्यादित जीवन अमर्यादाशी जोडलेले आहे, असे टॉलस्टॉयला जाणवले. यातले शेतकऱ्यांचे चित्र थोडे भाबडे आहे हे मान्य करावे लागते. तरीही, अर्थ ही चाखण्याची वस्तू नसून माणूस ज्याला बांधलेला असतो त्यातून तो येतो, हे त्याने नेमके ओळखले.

रशियन सेन्सॉरने 1882 साली 'कबुलीजबाब' अडवला आणि तो 1884 साली जिनिव्हात छापला गेला. पुढे 'कला म्हणजे काय?' या ग्रंथात टॉलस्टॉयने दोन छोट्या कथा वगळता आपले सारे ललित लेखन वाईट कलेत जमा केले. याच सुमारास, 1896 पासून, कॉकेशसमधल्या एका बंडखोर सरदारावरची 'हाजी मुराद' ही कादंबरिका तो लिहीत होता, आणि तिचे खर्डे त्याने 1904 पर्यंत पुन्हा पुन्हा बदलले. हयातीत त्याने ती छापली नाही. ती प्रसिद्ध झाली 1912 साली.