डब्यावरचं नाव आणि आतली डाळ

बोर्नव्हिटाच्या डब्यात तूरडाळ तुम्हीही ठेवत असालच. पण डब्यावरचं नाव वाचून कुणी कुकर लावतं का? झाकण उघडूनच बघायचं! मैत्रिणींनो, हेच शहाणपण मला डेट्रॉईटच्या आमच्या गॅरेजमध्ये उपयोगी पडलं.

ह्यांना जुन्या शेव्हरोले इंजिनांचं भारी वेड. हे गेले, आणि मागे राहिला तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक कॅमशाफ्ट. इंजिनाच्या झडपा कधी नि किती उघडायच्या, ते हा दांडा ठरवतो. त्यावर सोळा झडपांचे सोळा अंडाकृती उंचवटे. हे म्हणायचे, "हा 'थर्टी-थर्टी' आहे, जपून ठेव." म्हणजे 1964-65 च्या 365 अश्वशक्तीच्या कॉर्व्हेटमधला. दोन्ही प्रकारच्या झडपांना 30 हजारांश इंच फट ठेवायची, म्हणून ते नाव.

घ्यायला आलेले गृहस्थ म्हणाले, "साधाच आहे हा." भावही भंगाराचाच सांगितला. मुलगा म्हणाला, "आई, देऊन टाक. बाबांची चूक झाली असेल."

तो शब्द मला लागला. पैशांचं सोडा हो, पण ह्यांचं बोलणं खोटं पडायचं?

दांड्यावर नंबर होता. पण नुसत्या नंबरावर भागत नाही. मागाहून कुणी उंचवटे घासून त्यांचा आकार बदललेला असू शकतो. डबा बोर्नव्हिटाचा, आत डाळ! तेव्हा मोजायचंच ठरवलं.

दांडा दोन खाचांच्या ठोकळ्यांवर ठेवला. उंचवट्याच्या सपाट बाजूवर डायल गेज टेकवून काटा शून्यावर आणला आणि हळूहळू फिरवलं. काटा 323 हजारांशांच्या आसपास थांबला. रॉकर नावाची तरफ ही हालचाल दीडपट करते; म्हणजे झडप साधारण 485 हजारांश उचलली जाते. थर्टी-थर्टीचं माप हेच! पण उंची जुळली म्हणजे झालं नाही, झडप किती वेळ उघडी राहते तेही हवं. टोकाला अंशांची चकती लावली. 50 हजारांश चढल्यापासून तितकंच उतरेपर्यंत 127 अंश भरले. क्रँकशाफ्ट दुप्पट फिरतो, म्हणजे 254. तेही जुळलं.

सोळाही उंचवटे मोजले. मुलगा गप्प होता. मग त्यानं बाबांची वही उघडली आणि त्यांच्या अक्षराखाली आकडे लिहून काढले. दांडा आता तो विकू देत नाही.

तुमच्या घरच्या माळ्यावर, गॅरेजात काय ठेवलंय, ते "अहो, हे काय आहे?" म्हणून आजच विचारून घ्या. मी तेव्हा नुसती मान डोलावत होते.