माळ्यावरची पिशवी आणि वर्तमानपत्रातलं पुस्तक



तुमच्याही माळ्यावर अशी एक पिशवी असेलच. अर्धवट कापलेले चकचकीत कागद, गुंता झालेल्या रिबिनी, वाळलेला सेलोटेप, आहेराची पाकिटं. आमच्या डोंबिवलीच्या घरात अशा तीन निघाल्या. तरीही कुणाचा वाढदिवस आला की ऐनवेळी फडके रोडला धाव ठरलेली, कारण हवा तो कागद सापडतच नाही. शिवाय ठाण्याला जांभळी नाक्यावर गेलं की "स्वस्त मिळाले" म्हणून आणखी चार कागद घरी येतात.

हे आवरायची बुद्धी मला वर्गाने दिली. एका मुलीच्या वाढदिवसाला मुलांनी भेटी आणल्या होत्या. एका मुलाने गोष्टीचं पुस्तक वर्तमानपत्रात बांधून आणलं होतं. कुणीतरी हसलं. त्याने ते गुपचूप दप्तरात परत ठेवलं, दिलंच नाही. मी पाहिलं, पण वेळेवर बोलले नाही. घरी आल्यावर त्या तीन पिशव्या डोळ्यांसमोर आल्या. कागदावरून भेटीची किंमत करायला मुलांना शिकवलं कोणी? आपणच की!

रविवारी मुलीला घेऊन पिशव्या रिकाम्या केल्या. कागद मुठीत चुरगाळून सोडून बघायचा. चुरगळलेलाच राहिला तर बहुतेक साधा कागद, तो रद्दीत चालतो. पुन्हा उलगडायला लागला तर त्यात प्लास्टिकचा किंवा धातूचा थर असणार, तो रद्दीत घालायचा नाही. आमचे बरेचसे कागद उलगडलेच! असा कागद शेवटी जातो कुठे? आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगरातून निघायचा तो धूर कल्याणकरांना वेगळा सांगायला नको. मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायच्या प्लास्टिकवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. मग भेटवस्तूवर तरी ते कशाला?

आता आमच्याकडे बुटाच्या एका खोक्यात सगळं मावतं: जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालून उरलेला खाकी कागद, सुती दोरा, कात्री, टेप, पट्टी आणि थोडी पाकिटं. चांगले जुने कागद आधी संपवायचे, तोवर नवीन आणायचा नाही. एवढाच नियम.

आणि कपाटात पडून असलेले ब्लाउजपीस! एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरणाऱ्या या कापडात भेट छान बांधता येते. जपानमध्ये अशा बांधणीला फुरोशिकी म्हणतात. आपल्याकडे पोथी बासनात बांधतात, ते तरी वेगळं काय आहे? भेट उघडल्यावर कापड पुन्हा वापरात येतं.

गणित शिकवणाऱ्यांसाठी यात एक आयता पाठ आहे. 20 × 12 × 8 सेंमीचा खोका घ्या. इष्टिकाचितीचं पृष्ठफळ येतं 992 चौ. सेंमी. मुलांना विचारा, एवढाच कागद पुरेल का? नाही पुरत. भोवती गुंडाळायला 40 सेंमी आणि वर 2 सेंमी जोड, म्हणजे 42. लांबीला 20 आणि दोन्ही टोकांना 6-6 सेंमी घडी, म्हणजे 32. झाले 1344 चौ. सेंमी. जास्तीचा कागद जोडात आणि घड्यांत गेला. 50 × 70 सेंमीच्या एका कागदात असे दोन खोके बसतात आणि उरलेल्या पट्ट्यांची पुस्तकात ठेवायला खूण होते. आधी मोजून कापलं की माळ्यावर तुकडे साठत नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात जुनी वर्तमानपत्रं नेली. प्रत्येकाने आपलं एक पुस्तक बांधायचं, टेप न वापरता. बऱ्याच जणांना जमेना. मग मी त्याच मुलाला पुढे बोलावलं. इतक्या सुबक घड्या कुठे शिकलास, विचारलं, तर म्हणाला, "आजी पुड्या बांधते, तिच्याकडून." तासाच्या शेवटी मुलं त्याच्याभोवती गोळा झाली होती.

दप्तरात परत गेलेलं ते पुस्तक त्याने नंतर दिलं का, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी मी लगेच बोलायला हवं होतं, एवढं मात्र नक्की.

पालकहो, येत्या वाढदिवसाला मुलालाच भेट बांधू द्या. घडी वाकडी येईल, येऊ दे. आणि कुणी वर्तमानपत्रात बांधून भेट आणली, तर मुलांदेखत तिचं आधी कौतुक करा.