बिडाच्या हाडांची इमारत

दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींचा एक शिष्टाचार आहे. आत काहीही असो, बाहेर दगडाचा भारदस्त अंगरखा हवा. हायकोर्टानं तो घातला, राजाबाई टॉवरनं घातला, व्हीटीनं तर त्यावर नक्षीचा कळस केला. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसनच्या इमारतीनं मात्र हाडंच बाहेर ठेवली. बिडाचे खांब, त्यांच्या आधारानं मजल्यामजल्याला अंगभर फिरणारे सज्जे, आणि मधल्या पोकळीत विटा. ती उभी राहिली तेव्हा वर नावं घेतलेल्यांपैकी एकही पुरी झालेली नव्हती. त्यामुळे शिष्टाचार मोडल्याचा आळ तिच्यावर येत नाही. शिष्टाचारच नंतर आला, आणि आला तेव्हा ही आपल्या उघड्या सांगाड्यानिशी उभी होतीच.

तिचा जन्म मुंबईतला, पण देह इंग्लंडात घडलेला. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. १८६०च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, एस्प्लनेडच्या मोकळ्या जमिनीचे भूखंड लिलावात निघाले, त्यांतला एक त्यानं घेतला. आराखडा केला रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्यानं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात याचा हात होता, सेंट पँक्रस स्थानकाच्या प्रचंड छपरातही होता. लोखंड आणि काच यांतून जागा कशी निर्माण करायची, हे त्या पिढीत फार थोड्यांना त्याच्याइतकं कळत होतं. खांब आणि तुळया डर्बीच्या कारखान्यात ओतल्या-घडवल्या गेल्या, जहाजानं मुंबईला आल्या आणि १८६७ नंतरच्या काही वर्षांत इथे एकमेकींना जोडल्या गेल्या. जोत्याचा दगडदेखील तिकडचाच. १८७१मध्ये इमारतीत वॉटसनचं हॉटेल सुरू झालं. त्या काळी कुणाला ती जमिनीतून वर आलेल्या अवाढव्य पिंजऱ्यासारखी दिसली होती. पाहणाऱ्याचा गोंधळ समजण्यासारखा आहे. ज्या इमारतीत भिंत ओझं उचलत नाही, फक्त जागा भरते, अशी इमारत लोकांनी पाहिलेलीच नव्हती. शिकागोतली होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिच्यापासून गगनचुंबी इमारतींचा इतिहास सांगायला सुरुवात होते, ती १८८५ची. लोखंडी सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारती त्या काळातल्या जगभर मोजक्याच उरल्या आहेत, आणि त्यांतली एक आपल्या महात्मा गांधी रस्त्यावर आहे. तिच्यासमोरून रोज जाणाऱ्या हजारोंना हे कुणी कधी सांगितलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

तरुणपणी ती मिजासखोर होती, हे मान्य करायला हवं. सुमारे १३० खोल्या, मधोमध काचेच्या छताखालचा मोठा दिवाणखाना, आणि आत प्रवेश फक्त युरोपीयांना. जमशेदजी टाटांना इथे दारातून परत पाठवलं आणि म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही गोष्ट मुंबई अजून रंगवून सांगते. इतिहासाचे अभ्यासक ती मानत नाहीत, पण गोष्ट टिकली ती उगाच नाही. ज्या दारावर तसा नियम होता, त्या दाराबद्दल अशी गोष्ट जन्मणारच. ताज १९०३मध्ये उघडलं आणि हिचा दिमाख ओसरू लागला, एवढं मात्र खरं.

१८९६ हे तिच्या आयुष्यातलं मोठं वर्ष. जानेवारीत व्याख्यानांच्या जगप्रवासावर निघालेला मार्क ट्वेन इथे उतरला. मुंबईच्या कावळ्यांनी त्याला इतकं झपाटलं, की पुढच्या वर्षीच्या प्रवासवर्णनात त्यानं त्यांच्यावर पानंच्या पानं खर्ची घातली. आणि ७ जुलैला, ऐन पावसाळ्यात, ल्यूमिएर बंधूंचा माणूस मारियस सेस्तिए यानं तिच्याच एका दालनात पडदा लावला. तिकीट एक रुपया. हिंदुस्थानात चित्रपट दिसला तो असा, फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या १७ वर्षं आधी. सेस्तिए मुळात ऑस्ट्रेलियाला निघालेला होता, मुंबई वाटेत लागली. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि गर्दी वाढत गेली. त्याच खेळांनी भारावलेल्या छायाचित्रकारांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. सावेदादा म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा येण्याची वाट या इमारतीच्या दारातून गेली आहे.

त्या पहिल्या दिवशी जे सहा लघुपट दाखवले, त्यांत फलाटावर येणारी गाडी होती, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार होते, आणि एक होता भिंत पाडण्याचा. मजूर भिंत ढकलतात, ती कोसळते, धुरळा उडतो. युरोपात हाच लघुपट उलटा फिरवूनही दाखवत, तेव्हा पडलेली भिंत धुरळ्यातून पुन्हा उभी राही आणि प्रेक्षक थक्क होत. वॉटसनमध्ये तो सुलटाच दाखवला की उलटाही, यापेक्षा तो तिथे दाखवला गेला हेच मला फार वाटतं.

हॉटेल बंद पडल्यावर तिची नावं बदलत गेली. १९४४मध्ये ती महेंद्र मॅन्शन झाली, पुढे एस्प्लनेड मॅन्शन. मोठ्या खोल्यांत लाकडी पार्टिशनं आली, दिवाणखान्याच्या पोकळीत बांधकामं चढली. शेजारीच सत्र न्यायालय, त्यामुळे वकिलांच्या कचेऱ्या, टंकलेखक, झेरॉक्स, अशिलांची वर्दळ, आणि मधूनमधून वर राहणारी कुटुंबं. मला तिचं हे रूप हॉटेलपेक्षा जास्त आवडतं. ज्या दारातून नेटिव्हांना मज्जाव होता, त्याच दारातून आता कुणी जमिनीचा खटला, कुणी घटस्फोटाचे कागद, कुणी जामिनाची चिंता घेऊन जिना चढत होतं. सज्ज्यात अर्ज वाळत घातल्यासारखी माणसं उभी असत. इमारतीनं मिजास टाकून दिली होती.

पण याच काळात तिचं दुखणं सुरू झालं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली. भाडेकरूंना त्यानं जगवलं, हे विसरून चालणार नाही. मुंबईतला निम्मा मध्यमवर्ग त्या कायद्याच्या आसऱ्यानंच टिकला. पण जिथे महिन्याच्या भाड्यात एका तुळईला रंगही लागत नाही, तिथे मालक डागडुजी कशाची करणार? मालकाला भाडेकरू नकोत, भाडेकरूला खर्च नको, सरकारनं उपकर गोळा करायचा आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळानं टेकू लावायचे. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं. समुद्राची खारी हवा मात्र कारणं ऐकत नाही. सांध्यांत पाणी मुरलं, घडीव लोखंड गंजून फुगलं, विटा सैल झाल्या, वर पार्टिशनांचं आणि वाढीव मजल्यांचं ओझं.

२००५मध्ये तिचं नाव जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत आलं. इटालियन वास्तुविशारद रेंझो पियानोसारख्यांनी तिच्यासाठी शब्द टाकला होता. त्याच वर्षीच्या १ जुलैला सज्ज्याचा भाग कोसळला आणि एक माणूस गेला. २०१८च्या पावसाळ्यात पुन्हा एक तुकडा रस्त्यावर आला. २०१९मध्ये आयआयटी मुंबईच्या पाहणीनं इमारत दुरुस्तीच्या पलीकडे गेल्याचा निर्वाळा दिला आणि मे अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानं ती रिकामी झाली. वारसा समितीनं आणि संवर्धनाचं काम करणाऱ्या वास्तुविशारदांनी पाडण्याला विरोध केला. तेव्हापासून ती रिकामी, टेकूंवर, आणि तिच्याबद्दलचा निर्णय कागदांवर.

ज्याचा माणूस त्या सज्ज्याखाली गेला, त्याच्यापुढे वारशाची भाषा बोलायला माझी जीभ धजणार नाही. इमारत धोकादायक होती, माणसं बाहेर काढली हे बरोबरच झालं. पण रिकामी करणं आणि मरू देणं यांत अंतर आहे, आणि मुंबईत ते अंतर न बोलता पार केलं जातं. पाडायचा हुकूम कुणी काढायचा नाही, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा नाही, आणि चार पावसाळे गेले की अहवाल आपोआप खरा ठरतो. जागतिक वारसा म्हणून मान मिळालेला ओव्हल मैदानाचा परिसर इथून काही पावलांवर आहे. चौकातला काळ्या घोड्याचा पुतळा १९६५मध्ये उचलून नेला होता, तर २०१७मध्ये स्वाराविना नवा घोडा आणून उभा केला. ऑपेरा हाऊस दोन दशकांहून अधिक काळ बंद राहून २०१६मध्ये पुन्हा उघडलं. या शहराला हे जमत नाही असं म्हणायला जागाच नाही.

आणि हिच्या बाबतीत तर तिची जडणघडणच मदतीला येते. दगडी इमारतीची भिंत खचली की दुखणं सगळ्या अंगात शिरतं. ही मात्र सुट्या भागांची आहे, जहाजानं आली तीच सुट्या भागांत. बीड ताणाखाली ठिसूळ, पण दाबाखाली चिवट असतं. उभ्या खांबांचं आयुष्य त्यामुळे सज्ज्यांच्या आयुष्यापेक्षा मोठं असू शकतं. प्रत्येक खांब आणि प्रत्येक तुळई वेगळी तपासता येते, गेलेला भाग काढून तशाच मापाचा बसवता येतो. त्याआधी गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत वर चढवलेली पार्टिशनं आणि लाद्या उतरवाव्या लागतील, म्हणजे सांगाड्याला निदान आपलं स्वतःचं वजन तरी कळेल. हे काम महाग आहे, सावकाश आहे, आणि जमिनीच्या भावापुढे ते कायम आतबट्ट्याचं दिसणार. म्हणून ते मालकाच्या मर्जीवर आणि भाडेकरूंच्या वर्गणीवर सोडता येणार नाही. सरकारनं इमारत ताब्यात घ्यावी, भाडेकरूंचा हिशेब न्यायानं चुकता करावा आणि काम संवर्धन जाणणाऱ्यांच्या हाती द्यावं. तळमजल्यावर एक छोटं दालन सिनेमाला द्या, ७ जुलैच्या पडद्यासाठी. वरचे मजले पुन्हा वकिलांनाच मिळावेत, भाडं रीतसर आकारून. शेजारच्या न्यायालयात तारखेसाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसाला कागद घेऊन बसायला सावलीची जागा हवीच असते.