पट्टा, किल्ल्या आणि घड्याळ

अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ स्थानकात चुंबकीय वेध घ्यायला निघालेला निरीक्षक आधी स्वतःचीच झडती घेतो. कमरेचा पट्टा, किल्ल्या, घड्याळ, मोबाइल सगळं मागे ठेवायचं. अंगावर लोखंडाचा कणही राहता कामा नये. मग वाऱ्याला खांदा देत तो इमारतीपासून दूर, लोखंड न वापरता उभारलेल्या खोलीत जातो. तिथे खांबावर थिओडोलाइट बसवलेला असतो आणि त्याच्या दुर्बिणीवर एक छोटा संवेदक. दुर्बीण हळूहळू फिरवून आकडा शून्यावर आणायचा, कोन वाचायचा, दुर्बीण उलटी करायची आणि पुन्हा तेच. बारीक स्क्रू जाड हातमोज्यांनी फिरत नाही, म्हणून बोटं उघडी ठेवावी लागतात. काही मिनिटांतच ती बधिर होतात, तरीही घाई चालत नाही. दिशेचा हिशेब खिडकीतून दिसणाऱ्या एका ठरलेल्या खुणेवरून होतो. हिमवादळात ती खूण दिसेनाशी झाली की वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

स्वयंचलित यंत्रं रात्रंदिवस नोंद करत असताना माणसाने हा खटाटोप का करायचा? कारण तापमान बदललं की यंत्राची आधाररेषा हलकेच सरकते. पृथ्वीचं चुंबकत्व बदललं की यंत्र सरकलं, हे फक्त हाताने घेतलेला वेध सांगू शकतो. आमच्या क्षेत्रात या वेधाशिवाय वर्षाच्या नोंदीला किंमत नाही.

या वेधांचं घराणं मूळचं मुंबईचं. कुलाब्याला १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून तिथले संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली वेधशाळा अलिबागला नेली आणि तिथेही लोखंड वर्ज्य केलं. त्याच परंपरेतली, नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था आज ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या दोन्ही स्थानकांवर हे वेध घेते. ध्रुवप्रदेशात चुंबकीय बलरेषा जवळजवळ उभ्या असतात आणि सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण त्यांच्या वाटेने खाली उतरतात. सौरवादळाच्या रात्री अलिबागला आलेख थरथरतो. इकडे तो अक्षरशः उसळतो आणि डोक्यावर हिरवा ध्रुवीय प्रकाश नाचत असतो.

पहिली भारतीय मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ला अंटार्क्टिकावर उतरली. पुढे बर्फाच्या थरावर बांधलेलं ‘दक्षिण गंगोत्री’ स्थानक बर्फातच गाडलं गेलं. त्यामुळे ‘मैत्री’ शिरमाकरच्या उघड्या खडकावर उभी राहिली. ‘भारती’ २०१२ साली लार्समन टेकड्यांत सुरू झाली. तिची इमारत १३४ मालवाहू कंटेनर जोडून केली आहे आणि ‘मैत्री’पासून ती जवळपास तीन हजार किलोमीटरवर आहे.

वेधाचा एक आकडा वहीत उतरावा म्हणून बाकीचे किती राबतात! ‘मैत्री’चं पिण्याचं पाणी प्रियदर्शिनी तलावातून येतं. नळी गोठली की शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ, डॉक्टर सगळेच धावतात. जनरेटर थांबला तर उजेड जातो, ऊब जाते आणि नोंदही तुटते. त्यामुळे डिझेल सांभाळणाऱ्या माणसाला मी या विज्ञानातला बरोबरीचा भागीदार मानतो. १९९१च्या माद्रिद करारामुळे कचरा वाटेल तिथे टाकता येत नाही. तो वेगवेगळा करून बांधायचा आणि बराचसा जहाजाने परत पाठवायचा. हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. झोपेची घडी विस्कटते आणि तीच माणसं, तीच जेवणाची टेबलं पुन्हा पुन्हा समोर येतात. २१ जूनला मात्र सगळी स्थानकं एकमेकांना मध्यहिवाळ्याच्या शुभेच्छा धाडतात.

एकटेपणाचा खरा अर्थ शेजारच्या रशियन स्थानकाला ठाऊक आहे. काही किलोमीटरवरच्या नोवोलाझारेव्स्कायात २९ एप्रिल १९६१ला तरुण डॉक्टर लिओनिद रोगोझोव यांचं आंत्रपुच्छ सुजलं. जवळपास दुसरा डॉक्टर नव्हता आणि हवामानामुळे विमान येणं शक्य नव्हतं. त्यांनी फक्त स्थानिक भूल घेऊन स्वतःच्याच पोटावर शस्त्रक्रिया केली. आरसा धरायला आणि अवजारं द्यायला सहकारी होते, त्यांच्यापैकी एक हवामानशास्त्रज्ञ. पावणेदोन तासांनी टाके पूर्ण झाले आणि दोनेक आठवड्यांत डॉक्टर पुन्हा कामावर आले.

उन्हाळ्यात नवी तुकडी येते. वर्षभर राहिलेल्या निरीक्षकाचं मन घराकडे लागलेलं असतं, पण त्याआधी एक काम उरतं. जुना आणि नवा निरीक्षक एकाच खांबावर आळीपाळीने वेध घेतात आणि दोघांच्या आकड्यांतला फरक काढतात. कुलाबा सोडतानाही अशीच काळजी घेतली होती: १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग इथल्या नोंदी एकाच वेळी चालू होत्या.