भद्रावतीच्या वाटेवरील पाणपोई

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथांचे तीर्थ आपल्या वाचकांना परिचितच आहे. अर्धपद्मासनातील ती श्यामवर्णी मूर्ती आणि मस्तकावरील फणांचे छत्र ज्याने एकदा पाहिले, त्याला पुन्हा जाण्याची ओढ लागते. गेल्या चैत्रात, महावीर जन्मकल्याणकाच्या आधी, अमरावतीहून सायकलने एकट्याने तेथे जाण्याचा संकल्प मी केला. वयाची चौसष्ट वर्षे पूर्ण झाली होती. घरच्यांनी उन्हाची आठवण करून दिली, तेव्हा मी उत्तर दिले, “महाराजसाहेब अनवाणी विहार करतात, मला तर चाके आहेत.”

या उत्तरात किती अहंकार होता, हे पुढे कळले.

अमरावती ते नागपूर हे सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर मी दोन दिवसांत, दुपारी विश्रांती घेत, आरामात कापले. तिसऱ्या दिवशी मात्र नागपूरहून बुटीबोरी, जाम, वरोरा या मार्गाने भद्रावती गाठायचे होते. सुमारे सव्वाशे किलोमीटर, तेही एकाच दिवसात. आदल्या सायंकाळी नियमाप्रमाणे चौविहार केला. सकाळी सव्वापाचला निघालो आणि नवकारशीची वेळ होईपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही. म्हणजे दोन दिवसांच्या घामानंतर जवळजवळ बारा तास शरीरात पाणी गेले नव्हते. शिवाय प्रवासापुरता आणखी एक नियम मी स्वतःच ठरवून टाकला होता : उकळलेले पाणीच प्यायचे, तेही स्वतःजवळचे. त्यासाठी एकेक लिटरच्या तीन बाटल्या भरून घेतल्या होत्या.

बुटीबोरीच्या पुढे चाक पंक्चर झाले आणि तास-सव्वातास तेथेच गेला. जामच्या चौकात पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. येथून हैदराबादचा महामार्ग हिंगणघाटकडे जातो आणि चंद्रपूरचा रस्ता वेगळा होतो. रस्त्याच्या कडेला एक पाणपोई होती. तट्ट्याच्या सावलीत ओल्या फडक्याने गुंडाळलेले तीन रांजण, त्यांवर लाकडी झाकणे. वर फलक होता, त्यावर आपल्याच समाजातील एका व्यापारी कुटुंबाने मातोश्रींच्या स्मरणार्थ ही सेवा चालविल्याचे लिहिले होते. ओगराळे हाती घेऊन बसलेल्या वृद्धाने हाक मारली, “या बाबूजी, पानी घ्या.” माझी तिसरी बाटली निम्मी उरली होती. मी हात जोडून पुढे निघालो. अशाच एका पाणपोईस मी दरवर्षी देणगी देतो, याचे त्या क्षणी स्मरणही झाले नाही.

जामच्या पुढे सावली विरळ होत गेली. पऱ्हाटी उपटलेली काळी शेते तापून निघाली होती आणि डांबरावरून वाफा निघाव्यात तसे दृश्य हलत होते. सायकलवर वारा लागत असल्याने घाम जागीच वाळतो आणि किती पाणी गेले ते कळत नाही. खांबाडा मागे पडण्याच्या सुमारास बाटली संपली. डोके ठणकू लागले. थोड्या वेळाने घाम थांबला आणि भर उन्हात अंगावर शहारे आले. बरे वाटू लागले, असा मी त्याचा अर्थ लावला.

पुढे मैलाचा दगड आला : वरोरा 14. वरोऱ्याहून भद्रावती सुमारे वीस. मी थांबून बेरीज करू लागलो. चौदा आणि वीस. ज्याने पस्तीस वर्षे बँकेत आकड्यांशी व्यवहार केला, त्याला ही बेरीज येईना. तीन वेळा प्रयत्न केला. मग आपण हे कशासाठी मोजत आहोत, तेही आठवेना. यापुढचे मला ठाऊक नाही.

शुद्धीवर आलो तो एका कडुनिंबाखाली. एक प्रौढ शेतकरी स्त्री ओल्या लुगड्याच्या धडप्याने माझी मान, काखा आणि छाती पुसत होती व तिचा मुलगा सुपाने वारा घालत होता. तिने माझा सदरा काढला होता, बूट काढले होते, अंगावर माठातले पाणी ओतले होते. मात्र शुद्ध नसताना तोंडात पाणी घातले नव्हते. तसे घातले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, हे तिला ठाऊक असावे. मी डोळे उघडल्यावरच तिने तांब्या पुढे केला.

“पयले दोन घोट घ्या, काका. एवढ्या तपनीत कायले निघाले?”

ते पाणी उकळलेले होते का, गाळलेले होते का, कोणत्या विहिरीचे होते, हे मी विचारले नाही. प्यालो. तोवर मुलाने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली होती.

वरोऱ्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी जे समजावले, ते सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. शरीराचे आतील तापमान 40 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले आणि मनाचा गोंधळ उडू लागला, की तो साधा थकवा नसून उष्माघात होय. अशा वेळी रुग्णाला थंड करणे हाच पहिला उपचार. रुग्णवाहिकेची वाट पाहत ती मिनिटे दवडू नयेत. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहणे धोक्याचे. घामाबरोबर क्षारही जातात, ते केवळ पाण्याने भरून निघत नाहीत. “त्या बाईंनी अंगावर पाणी ओतले नसते,” ते म्हणाले, “तर मी काही सांगू शकलो नसतो.”

तीन दिवसांनी मुलगा न्यायला आला. परतण्यापूर्वी मोटारीने भद्रावतीस जाऊन दर्शन घेतले. तेथे विराजमान असलेल्या साध्वीजींना वंदन करून सर्व हकीकत सांगितली आणि ते पाणी प्यायल्याबद्दल प्रायश्चित्त मागितले. त्यांनी शांतपणे विचारले, “दुसऱ्याच्या हातचे पाणी न घेण्याचे पच्चक्खाण कोणाकडून घेतले होते?”

“कोणाकडूनही नाही. माझे मीच ठरविले होते.”

त्या म्हणाल्या, “पच्चक्खाणात आगार असतात, समाधी टिकावी म्हणून. तुम्ही स्वतःसाठी केलेल्या नियमात एकही आगार ठेवला नाहीत. आणि आमच्या विहाराचा दाखला देता, तर आम्ही ऊन चढण्याआधी मुक्कामी पोहोचतो, हेही पाहावे.” थोडे थांबून त्यांनी एवढेच सुचविले, “प्रायश्चित्त हवेच असेल, तर ज्यांना नाकारले त्यांच्याकडे जा.”

परतताना प्रथम त्या कडुनिंबाकडे गेलो. सायकल घराच्या पडवीत नीट उभी करून ठेवलेली होती. मी पाकीट पुढे केले. त्या माउलीने ते परत केले आणि चहा टाकला. तो घेतला. नंतर जामच्या चौकात मोटार थांबविली. तोच वृद्ध, तेच रांजण. त्याने मला ओळखले नाही. दिवसभरात किती जण येत असतील! “या बाबूजी, पानी घ्या,” तो म्हणाला.

आपण व्यापारी माणसे देण्यात कधी मागे राहत नाही. पाणपोया, धर्मशाळा, पांजरापोळ आपल्या घराण्यांनी उभ्या केल्या. परंतु रस्त्यावर तहानलेला म्हणून उभे राहून ओंजळ पुढे करणे मला चौसष्ट वर्षांत जमले नव्हते. फलकावरील मातोश्रींच्या नावाकडे पाहत मी वाकलो, ओंजळ धरली आणि वृद्धाने थांब म्हणेपर्यंत पाणी ओतले.