परतीचा रकाना

माझी नोकरी दुसऱ्यांचे अर्ज वाचण्याची. राहुरीतल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात बसतो. सातबारा, आठ-अ, दोन जामीनदार, दोन फोटो, आणि खाली ‘कर्जाचा उद्देश’ असा रकाना. त्या रकान्यात लोक काय लिहितात ते मी चवीनं वाचतो. गाय घेणे. विहिरीचं खोलीकरण. मुलीचं लग्न. एका म्हाताऱ्यानं नुसतंच ‘अडचण’ लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडून ‘घरदुरुस्ती’ करून घेतलं, पण मला विचाराल तर मूळ उत्तर जास्त चांगलं होतं.

म्हणून गेल्या श्रावणात लेकीनं लॅपटॉप माझ्याकडे वळवून ‘पप्पा, हे जरा वाचा ना’ म्हटलं, तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम. बी.एस्सी. तिनं पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून केलं, एम.एस्सी. इथं राहुरीला, महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात. विषय रब्बी ज्वारी आणि पाण्याचा ताण. आता तिला पीएच.डी.साठी अमेरिकेत अर्ज करायचे होते. तिथंही उद्देशाचा रकाना होता, फक्त दोन पानांचा. ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’. शिवाय तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं. म्हणजे आमच्याकडचे जामीनदारच, फक्त यांना हप्ते थकल्यावर नोटीस जात नाही.

तिचा पहिला खर्डा वाचून माझे डोळे भरून आले होते. बहात्तरचा दुष्काळ, आजीनं सांगितलेली सुकडी, खडी फोडायला गेलेल्या बाया, कोरडी विहीर, आणि त्या विहिरीच्या काठावर उभं राहून शास्त्रज्ञ व्हायचं ठरवणारी लहान मुलगी. तिच्या गाईडनं वाचून अख्खं पहिलं पान खोडलं. म्हणाले, दुष्काळ तुझ्या आजीनं सोसला, तू काय मोजलंस ते लिही.

ती दोन दिवस गप्प होती. मग लिहायला बसली. हलक्या जमिनीतल्या प्लॉटवर फुलोऱ्यानंतर पानं किती दिवस हिरवी राहतात ते तिनं मोजलं होतं. मुळं किती खोल गेली ते माती खणून, धुऊन, वाळवून पाहिलं होतं. कणसाचं वजन, कडब्याचं वजन. काही ज्वाऱ्या पाणी तुटलं तरी पानांचा हिरवेपणा सोडत नाहीत आणि दाणा भरत राहतात; ते कशामुळे, हा तिचा प्रश्न. तो नीट मांडल्यावर दोन पानं कमी पडली. दुष्काळाचं एकच वाक्य उरलं, आणि तेही पावसाच्या मिलिमीटरमध्ये.

माझ्या डोळ्यांत या वेळी पाणी आलं नाही. पण कर्ज मंजूर करायचं असतं तर मी या दुसऱ्या अर्जावर केलं असतं.

ज्वारीबद्दल मला आधी फारसं काही माहीत नव्हतं, हे सांगायला हरकत नाही. आमचं मूळ गाव पारनेरच्या पठारावर. भाकरी रोजचीच, पण तिच्यामागं एवढी विद्या आहे हे लेकीमुळे कळलं. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. तिथल्या वाणांची नावं ती शाळकरी मैत्रिणींची घ्यावी तशी घेते. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी काळ्या रानाला फुले वसुधा, पाणी असेल तर फुले रेवती. हुरड्याला फुले उत्तरा, लाह्यांना फुले पंचमी, पापडाला फुले रोहिणी. या सगळ्यांच्या आधीपासूनची मालदांडी ३५-१, सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर गावरान ज्वारीतून निवडलेली. भाकरीच्या चवीचा विषय निघाला की आमच्या आईला अजूनही तीच लागते. अनुराधा आणि वसुधा एका रानात सुखानं नांदत नाहीत, हे मला फार आवडलं. जमीन बघून बियाणं द्यायचं. माणसांच्या बाबतीत आपण इतका विचार करतो असं वाटत नाही.

आमची आई पंचाऐंशीच्या पुढची. तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं एकच विचारलं, ‘तिकडं ज्वारी खात्यात का?’

‘पिकवतात खूप,’ लेक म्हणाली. ‘पण जास्त करून जनावरांना घालतात. आणि गाडीत घालायचं इंधन करतात.’

‘आन् माणसं काय खात्यात?’

यावर आम्हा दोघांनाही पटकन काही सुचलं नाही.

अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्सस राज्यात पिकते. त्या राज्याच्या पश्चिम भागात जमिनीखाली ओगालाला नावाचा पाण्याचा मोठा साठा आहे आणि उपसून उपसून तो खाली चालला आहे. मक्याला पाणी पुरेनासं झालं की ज्वारीची आठवण येते. म्हणजे आमच्या पारनेरचं दुखणं तिकडंही आहे, फक्त मोटारी मोठ्या. हे कळल्यावर मला अमेरिका जरा जवळची वाटायला लागली.

शेतीच्या विषयात नुसता अर्ज टाकून भागत नाही. आधी प्राध्यापक शोधायचा, त्याचे निबंध वाचायचे, आणि त्याच्याकडे संशोधनाचा पैसा आणि जागा आहे का ते ई-मेलनं विचारायचं. तो हो म्हणाला तर असिस्टंटशिप मिळते: त्याच्या प्रकल्पात काम करायचं, बदल्यात फी माफ आणि महिन्याला मानधन. ती नसेल तर आमच्यासारख्याच्या घरातून पाच वर्षांची पीएच.डी. होणं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरभर ती रात्री पत्रं लिहीत होती. बहुतेकांची उत्तरं आली नाहीत. काहींनी ‘या वर्षी जागा नाही’ असं एका ओळीत कळवलं, आणि नकार इतका थोडक्यात आणि वेळेवर देता येतो हे पाहून मला आमच्या संचालक मंडळाची आठवण झाली.

त्याच दिवसांत आमच्या रस्त्यानं दुसरी माणसं निघालेली असतात. हस्ताचा पाऊस होऊन रब्बीच्या पेरण्या उरकल्या, दसरा झाला, की पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या, वर बसलेली पोरं. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायला निघालेली जोडपी. दिवाळीनंतर पठारावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात. सह्याद्रीच्या पावसाची पाठ ज्या जिल्ह्याच्या वाट्याला आली, त्याला निघणं कोणी शिकवावं लागत नाही. नाव आता अहिल्यानगर झालं, २०२४ पासून पाट्याही बदलल्या, पण पाऊस पडतो तेवढाच. आमच्या घरातला अर्ज त्याच रस्त्यानं चालला होता. फरक मी विसरत नाही: टोळीबरोबर जाणाऱ्या पोराची शाळा सुटते, आणि माझी लेक शाळेसाठीच निघाली होती. पैसा आगाऊ घेऊन घर सोडायचं, हे दोन्हीकडे आहे. कोणाच्या उचलीतून काय फिटतं, ते मात्र एकसारखं नाही.

डिसेंबरात अर्ज गेले. तिकडची मध्यरात्रीची मुदत म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा, त्यामुळे शेवटचा अर्ज तिनं रविवारी गावी, हुरड्याच्या आगटीजवळ बसून मोबाइलच्या इंटरनेटवर धाडला. हाताला राख, कीबोर्डला राख. नंतर काहीच घडेना. ज्वारी भरली, काढणीला आली. फेब्रुवारीच्या अखेरीस खळ्यावर मळणी चालू असताना कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीचं पत्र आलं, असिस्टंटशिपसह. ही युनिव्हर्सिटी मॅनहॅटन नावाच्या गावात आहे. न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्ससमधलं. पण आमच्या भावकीत आता ती न्यूयॉर्कला चालली आहे, आणि ही दुरुस्ती करायचं मी सोडून दिलं.

मानधनाच्या अशा प्रस्तावांना बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं. तिनं पाडव्याला होकार कळवला. विमानाचं तिकीट, घराची अनामत, पहिला महिना, एवढ्यासाठी थोडं कर्ज लागणार होतं. आमच्या पतसंस्थेचा तो व्यवहार नव्हे, म्हणून मोठ्या बँकेत गेलो. पारनेरचा सातबारा पुढं केला. शेतजमीन तारण चालत नाही, असं तिथल्या मुलानं सभ्यपणे सांगितलं. हेच वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलं आहे! शेवटी माझ्या पगारावर काम झालं.

आणि तेव्हापासून जो भेटेल तो एकच विचारतो. ‘परत येणार ना?’ केशकर्तनालयात, लग्नात, मुळा कालव्याच्या पुलावर फिरायला जाणाऱ्या मंडळींत. अमेरिकन विद्यापीठाच्या अख्ख्या अर्जात हा रकाना नव्हता. व्हिसाच्या कायद्यात मात्र आहे, तोही उलटा: अर्जदार तिकडंच राहणार असं गृहीत धरतात, आणि तसं नाही हे त्यानं खिडकीपुढं पटवून द्यायचं. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत जाताना तिनं फायलीत पारनेरचा सातबारा घेतला. बँकेत नाकारलेला कागद निदान इथं मुळं दाखवायला उपयोगी पडेल म्हणून. अधिकाऱ्यानं तो मागितलाच नाही. ‘ज्वारीच का?’ एवढं विचारलं, आणि तिच्याकडे त्याचं दोन पानी उत्तर तोंडपाठ होतं.

परतण्याचा विचार मी रात्री करतो. मी ज्या अहमदनगर कॉलेजात बी.कॉम. झालो, ते १९४७ साली सुरू केलं हार्वर्डला शिकून आलेल्या डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी. ते परत आले म्हणून माझ्यासारख्याला नगरमध्ये पदवी मिळाली. त्याच्याही शंभर वर्षं आधी शिकण्यासाठी लोक या गावात येत होते. सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या, आणि सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. पुण्याहून नगरला, शिकायला! आज उलट्या दिशेनं भरून जाणाऱ्या एसट्या पाहताना हे खरं वाटत नाही. फरारबाई स्वतः परत गेल्या नाहीत. १८६२ मध्ये त्या इथंच वारल्या.

आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले, मेक्सिकोत जाऊन मका आणि गव्हावर काम केलं. त्यांना परत यायचं नव्हतं असं कोण म्हणेल? इंग्रज असेपर्यंत दार बंद होतं. स्वातंत्र्यानंतर आले, आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. परतीची तारीख जाणाऱ्याच्या खिशात नसते, ती मागं राहिलेल्या घरात ठरते.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. दुष्काळानं माणसं गाव सोडून मुंबई-पुण्याला गेलेली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, डोंगरावर चर खणले, झाडं लावली, ऊस आणि केळी बंद, शेतीसाठी बोअर बंद. पाणी टिकलं आणि गेलेली कुटुंबं परतली. त्यांना कोणी शपथ घातली नव्हती. दरवर्षी पाऊस मोजून ते पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरवतात. ताळेबंद हा माझ्या धंद्यातला शब्द, पण इतका प्रामाणिक ताळेबंद मी कचेरीत क्वचित पाहिला.

आता आषाढ चालू आहे. ऑगस्टच्या मध्यावर निघायचं. घरात दोन बॅगा उघड्या पडल्यात, प्रत्येकी तेवीस किलोच्या, आणि आमचा वजनकाटा धान्य मोजण्याऐवजी स्वेटर मोजतो आहे. आईनं मूठभर मालदांडी पुरचुंडीत बांधून आणली. लेकीनं समजावलं, बियाणं परवान्याशिवाय एक दाणाही नेता येत नाही. ज्वारी मुळात आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली, आणि अमेरिकेत पोचली ती गुलाम करून नेलेल्या माणसांच्या जहाजांतून. तेव्हा कोणी परवाना विचारला नव्हता. आईनं पुरचुंडी सोडली आणि म्हणाली, ‘मग हितंच पेरते.’

तुमच्या गावातूनही या वर्षी कोणीतरी असंच निघालं असेल, कोयता घेऊन किंवा लॅपटॉप घेऊन. त्याला ‘परत कधी येणार’ असं विचारू नका. येत्या ग्रामसभेला जा आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला का, ते सरपंचाला विचारा.